उजव्या बरगडीखाली

घरात, जालन्यातल्या मोती तलावाच्या काठावर, जिथे असाल तिथे शांत बसा. उजवा तळहात उजव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांवर ठेवा. आत यकृत आहे, सुमारे दीड किलो वजनाचं. डोकं ठणकतं, पोट मुरडतं. यकृत मात्र बिघडत असलं तरी बराच काळ काहीच जाणवू देत नाही. हात तिथेच राहू द्या.

आता एक मासा डोळ्यांसमोर आणा. झेब्राफिश. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे आडवे पट्टे, आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांत आणि भातखाचरांत राहणारा. १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. त्याचं चार दिवसांचं पिल्लू बघा. जेमतेम चार मिलिमीटरचं, आरपार दिसणारं. आत हृदय धडधडतंय. यकृतही तयार झालंय.

न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय वैद्यकीय महाविद्यालयात कर्स्टन सॅडलर यांच्या प्रयोगशाळेत अशा पिल्लांच्या पाण्यात सुमारे २ टक्के अल्कोहोल मिसळलं गेलं. ३२ तासांत यकृत सुजलं, पेशींत चरबीचे थेंब साठले. २००९ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. चरबी बनवणारी जनुकं जागी करणारी काही प्रथिनं असतात. ज्या पिल्लांत ती कामाला लागू शकत नव्हती, त्यांच्या यकृतात चरबी साठली नाही.

इथे थांबा. हळू श्वास घ्या.

पिल्लू दारू प्यायलं नव्हतं. त्याच्याभोवतीचं पाणीच तसं होतं. त्याला कर्ज नव्हतं, दुःख नव्हतं, ‘एकच घे’ म्हणणारा मित्र नव्हता. तरी त्याच्या पेशींनी जे केलं, तेच माणसाच्या यकृतात घडतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पेशीला चारित्र्य नसतं. समोर आलेलं अल्कोहोल ती मोडत बसते आणि त्यात तिचं चरबीचं गणित बिघडतं.

माणसाचं सगळं या पिल्लात दिसत नाही. वर्षानुवर्षं पिऊन यकृत निबर होणं, पोटात पाणी होणं, घरातल्या बाईची रात्र, हे ३२ तासांत कसं मावेल? अभ्यासासाठी या पिल्लांचा जीवही घेतला जातो. त्याची आठवण मनात असू द्या.

आता जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भट्टीसमोर पाळी संपवून निघालेला माणूस आठवा. वाटेत देशी दारूचं दुकान आहे. त्याच्याबद्दल मनात काय उमटतं, ते फक्त बघा. राग असेल. अशा माणसाच्या घरात तुम्ही वाढला असाल, तर तो असणारच. त्याला हटवू नका. रागाशेजारी थोडी जागा करा आणि तिथे त्या माणसाचं यकृत ठेवा, कुरकुर न करता काम करणारं.

चरबी साठण्याच्या टप्प्यावर दारू सुटली, तर यकृत बहुतेक वेळा काही आठवड्यांत सावरतं. हा टप्पा सोनोग्राफीत दिसू शकतो; डोळे पिवळे व्हायची वाट बघावी लागत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र एकदम बंद करू नये, फिट येऊ शकते. सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

कोणाचं नाव मनात आलं? त्यांच्याशी काय बोलाल, कोणत्या वेळी, ते प्यायलेले नसताना, याचा आत्ताच विचार करा. घाई नाही.