विचारल्यावर काय सांगावे? गीबत आणि सल्ल्याची अमानत

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकदा सहाबांना विचारले, गीबत म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मग त्यांनीच खुलासा केला की, आपल्या बांधवाविषयी त्याला रुचणार नाही असे बोलणे म्हणजे गीबत. कोणीतरी शंका काढली, की तो दोष त्याच्यात खरोखरच असला तर? उत्तर मिळाले, असला तरच ती गीबत. नसला तर ते बोहतान, म्हणजे खोटा आळ. 'सहीह मुस्लिम'मधील ही हदीस 'मी खोटे कुठे बोललो?' हा आपला आवडता बचाव मुळापासून उखडून टाकते. सूरह अल-हुजुरातने तर गीबतीला मेलेल्या भावाचे मांस खाण्याची उपमा दिली आहे.

परंतु या शिकवणीतून काही धर्मशील माणसांनी एक विपरीत अर्थ काढला आहे. मुलीचा पिता स्थळाची चौकशी करण्यासाठी शेजाऱ्याकडे येतो. मुलगा व्यसनी आहे, पहिल्या पत्नीला मारहाण करीत असे, हे शेजाऱ्याला पक्के माहीत असते. तरीही तो म्हणतो, "नको भाईसाहेब, गीबत होईल. अल्लाह सर्वांचे भले करो." सहा महिन्यांत ती मुलगी सुजलेला चेहरा घेऊन माहेरी परतते. या मौनाला तकवा म्हणावे काय? मला तरी ती अमानतीतील खयानत वाटते. ज्याच्याकडे सल्ला मागितला जातो तो अमानतदार असतो, असे प्रेषितांनीच (स.) शिकवले आहे.

आदरणीय फातिमा बिन्ते कैस (रजि.) यांना इद्दत संपल्यावर दोन मागण्या आल्या : मुआविया (रजि.) यांची आणि अबू जहम (रजि.) यांची. त्यांनी प्रेषितांचा (स.) सल्ला विचारला. प्रेषितांनी (स.) सांगितले की, अबू जहम यांच्या खांद्यावरची काठी खाली उतरत नाही आणि मुआविया यांच्याजवळ मालमत्ता नाही, तू उसामाशी निकाह कर. ते दोघे तेथे हजर नव्हते आणि हे ऐकणे त्यांना आवडलेही नसते. तरीही सांगितले गेले. मात्र किती सांगितले, ते पाहा. प्रत्येकाविषयी एकच गोष्ट, तीही संसाराशी थेट संबंध असलेली. त्यांच्या घराण्याचा, भूतकाळाचा, इतर स्वभावाचा उल्लेखही नाही.

इमाम नववी (रह.) यांनी 'रियाजुस्सालिहीन'मध्ये गीबतीला मुभा असलेले सहा प्रसंग सांगितले आहेत. अन्यायाविरुद्ध दाद मागणे, फतवा विचारणे हे त्यांपैकीच. लोकांना हानीपासून सावध करणे हाही एक, आणि निकाहाचा सल्ला त्यातच येतो. हदीस कथन करणाऱ्यांच्या उणिवा विद्वानांनी नावानिशी नोंदवल्या, त्याही याच आधारावर. ते संकोचून गप्प बसले असते, तर खऱ्या-खोट्या हदीसी वेगळ्या करणे अशक्य झाले असते.

कायद्यालाही हा पेच सोडवावा लागला. इंग्रजी कायद्यात ज्याला सशर्त विशेषाधिकार म्हणतात, त्याचा एक प्रसिद्ध निवाडा 1834 सालचा आहे. जमीनदाराच्या कारभाऱ्याने कुळाच्या घरी कामाला सुतार पाठवला. सुताराने तळघराचे दार फोडले आणि तो दारू प्यायला, असा कुळाचा आरोप होता. त्याने हे कारभाऱ्याला सांगितले, त्याला न्यायालयाने संरक्षण दिले. कारण एकाला सांगण्याचे कारण होते आणि दुसऱ्याला ऐकण्याचे. पण सुताराच्या पाठीमागे त्याने हेच एका तिऱ्हाइताजवळही बोलून दाखवले, त्याला संरक्षण मिळाले नाही. आरोप खरा आहे, असे बोलणाऱ्याला मनापासून वाटत असले तरीही नाही! शब्द तेच, बोलणारा तोच. बदलला तो फक्त कान.

आपल्या देशात भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये अब्रुनुकसानीचे अपवाद दिले आहेत. 1 जुलै 2024 पूर्वी हेच दंडसंहितेच्या कलम 499 मध्ये होते. ऐकणाऱ्याच्या हितासाठी सद्भावनेने दिलेली सावधगिरीची सूचना त्या अपवादांत येते. मात्र योग्य काळजी न घेता केलेल्या गोष्टीला कायदा सद्भावना मानत नाही. 'मन साफ होते' एवढे पुरत नाही. खातरजमा करावी लागते. सूरह अल-हुजुरातची सहावी आयतही बातमीची शहानिशा करण्याचा आदेश देते.

म्हणून स्थळाविषयी विचारणा झाली, तर स्वतः पाहिलेले तेवढेच सांगावे. ऐकीव असेल, तर ऐकीव आहे असे स्पष्ट सांगावे, किंवा ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे पाठवावे. 'हे स्थळ तुमच्या मुलीस योग्य नाही' एवढ्याने काम भागत असेल, तर विद्वानांच्या मते तपशिलात शिरण्याची परवानगी नाही. आणि जुना जमिनीचा वाद किंवा मोडलेली सोयरीक मनात सलत असेल, तर आपली जीभ सल्लागाराची आहे की सूड घेणाऱ्याची, हे आधी तपासावे.

चौकशी करणाऱ्यावरही जबाबदारी आहेच. विश्वासाने सांगितलेले संध्याकाळपर्यंत खानदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पोहोचते. मग मामू, खाला, दुबईतला चुलतभाऊ, सगळेच त्या सुताराच्या गोष्टीतले तिऱ्हाईत होतात. स्थळ नाकारायचे असेल, तर 'आमचे जुळत नाही' एवढे कळवून थांबता येते. समोरच्यांनी खोदून विचारले, तरी माहिती देणाऱ्याचे नाव घेऊ नये, आणि मुलाचा दोष पुढच्या घरी नेऊ नये. त्या घरच्यांना गरज भासली, तर ते स्वतः विचारायला येतील.