सवतींचे कैवारी

राजघराण्यांतल्या सवतींविषयी आपल्याकडे अधूनमधून हळहळ उसळते आणि दर वेळी तिचा निवाडा होऊन बसतो. २०१५ साली बाजीराव-मस्तानीवरचा चित्रपट आला तेव्हा घराघरांत काशीबाईंचा पक्ष आणि मस्तानीचा पक्ष असे तट पडले, ते अजून मिटलेले नाहीत. त्याआधीच्या पिढ्यांनी नाटक-कादंबऱ्यांतून सोयराबाईंना खलनायिका ठरवले आणि सगळी हळहळ सईबाईंच्या नावे राखून ठेवली. खरी पत्नी कोण, प्रेम कोणावर, डाव कोणी टाकला, प्रश्न एवढेच. एका पुरुषाभोवती इतक्या बायका आणून बसवल्या कोणी आणि कशासाठी, याला त्या चर्चेत जागा नसते.

या उथळपणाला विटलेला शिकलेला माणूस मग दुसरे टोक गाठतो. तो सांगतो, आजच्या मापाने तो काळ मोजू नका. अनेक बायका करणे ही राजकुळांची रीत होती, लग्न हा तह होता, मुलगी हा दोन घराण्यांतला दुवा होता. तिला आपण दुःखी समजतो ते आपल्या डोक्यातल्या आजच्या संसारामुळे. हे ऐकायला समंजस वाटते. व्याख्यानांत, प्रस्तावनांत, गडावरच्या सहलींत ते इतक्यांदा ऐकू येते की त्यावर कोणी शंकाही घेत नाही. मला ते साफ खोटे वाटते. सवतीमत्सर हा बायकांचा स्वभावच, असे म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात मला रस नाही आणि जनानखान्याच्या ऐषारामाच्या गोष्टी सांगणाऱ्यांशी तर नाहीच. पण ‘तो काळच तसा होता’ हे वाक्य विद्वत्तेचे कपडे घालून येते, म्हणून त्याच्याशी भिडले पाहिजे. त्यासाठी फार लांब जायला नको. धाराशिव जिल्ह्यातला परंडा आणि शेजारचे सोलापूर पुरेसे आहे.

१५२३-२४च्या सुमारास सोलापुरात विजापूरच्या इस्माईल आदिलशहाने आपली बहीण मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली. लग्नात सोलापूरचा किल्ला आणि साडेपाच परगणे द्यायचे कबूल झाले, प्रत्यक्षात दिले नाहीत, आणि त्या किल्ल्यापायी दोन राज्ये पुढे कित्येक वर्षे एकमेकांच्या उरावर बसली. एवढा भाग सगळ्यांना ठाऊक असतो. फरिश्ता मात्र आणखी एक गोष्ट सांगतो. बुऱ्हाणने अमीना नावाच्या नर्तकीशी लग्न केले होते आणि महालात तिचा शब्द चालत होता. विजापूरच्या राजकन्येला तिच्याखाली वागावे लागते ही गोष्ट भावाच्या कानावर गेली आणि भावाने अहमदनगरच्या वकिलाला त्यावरून सुनावले. बुऱ्हाणला ते झोंबले. बहिणीचा अपमान आणि सोलापूरचा किल्ला यांची गाठ तिथून बसली ती बसलीच.

आता आपले रीतवादी मित्र म्हणतील, पाहा, नवऱ्याला दुसरी बायको आहे अशी मरियमची तक्रार नव्हतीच, तक्रार मानाची होती. बरोबर आहे. सुलतानाच्या घरात वाढलेल्या मुलीला सवती असणार हे लहानपणापासून माहीत असणार. पण यातून ते जो निष्कर्ष काढतात तो निघत नाही. रीत मान्य असणे वेगळे आणि रीतीने न दुखणे वेगळे. हुंड्याची रीत होती म्हणून मुलीचा बाप आनंदाने जमीन गहाण टाकत होता, असे आपण म्हणतो का? मरियमला दुखले ते तिच्याच काळाच्या मापाने दुखले. मान, पायरी, पंगतीतली जागा, कोणापुढे कोणी उठून उभे राहायचे, ही मापे आजची नाहीत. ती दरबाराचीच होती आणि त्याच मापांनी तिला कमी लेखले गेले. आजचे माप लावू नका म्हणणाऱ्याने निदान त्या काळचे तरी लावावे. तो तेही लावत नाही. काळाचे नाव पुढे करून तो मोजायचेच टाळतो.

कोणी म्हणेल, फरिश्त्याचे काय घेऊन बसलात? तो आधी अहमदनगरच्या आणि मग विजापूरच्या चाकरीत होता, घटनेनंतर ऐंशीएक वर्षांनी लिहीत होता, दरबारी कुजबुज त्याने इतिहासात घातली असेल. असेलही. पण कुजबुज असली तरी ती कोणाला तरी पटणारी होती. राजकन्येला सवतीखाली वागावे लागले तर ते तिला लागते, ते सांगायला ती माहेरी निरोप धाडते आणि त्यावरून दोन राज्ये बिघडू शकतात, हे त्या काळच्या वाचकाला समजावून सांगावे लागले नाही. त्याला ते ठाऊकच होते. आपल्या श्रावणातल्या कहाण्यांत नावडती राणी कुठून आली? ती गुरांच्या गोठ्याशी, जाड्याभरड्यावर दिवस काढते आणि कहाणी ऐकणाऱ्या बायकांचा जीव तिच्यातच गुंततो. या कहाण्या काही विसाव्या शतकात चळवळीतल्या बायकांनी रचलेल्या नाहीत. ज्या समाजात ही रीत होती त्याच समाजाने नावडतीला गोष्टीच्या मध्यभागी बसवले, कारण रीतीतले दुःख त्याला दिसत होते. ते न दिसण्याची सोय आपण आज, इतिहासाच्या नावाने, करून घेतली आहे.

सोलापूरचा किल्ला शेवटी दिला गेला, तो उलट्या दिशेने. अमीनेचा मुलगा हुसेन निजामशहा याची मुलगी चांदबिबी विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाला दिली तेव्हा सोलापूर तिच्याबरोबर गेले. त्याच वेळी अलीची बहीण अहमदनगरच्या मुर्तझाला दिली गेली. पुढे १५६५च्या जानेवारीत या दोस्तीच्या बळावर विजयनगरचा पाडाव झाला. ज्या किल्ल्यावरून मरियमच्या अपमानाचा पुळका आला होता तो अमीनेच्या नातीबरोबर निमूटपणे हातबदल झाला आणि मरियमचे नाव त्या तहात कोणी काढले असेल असे मला वाटत नाही. काढायचे कारणही नव्हते. भावाला किल्ला राखायचा होता तोवर बहिणीचा अपमान उपयोगाचा होता.

आता परंडा. १६००मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेले, चांदबिबी आपल्याच माणसांच्या हातून मारली गेली, आणि मलिक अंबरने परंड्याला राजधानी करून दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवले. हा मुर्तझा मरियमचा नातू, तिच्या शाह अली या मुलाचा मुलगा. अंबरने आपली मुलगी त्याला दिली. मुर्तझाची आधीची एक बायको इराणी होती. पीटर फान डेन ब्रूक हा डच व्यापारी १६१७मध्ये अंबरला भेटला, त्याने ऐकून लिहून ठेवलेली हकिकत अशी: इराणी बेगमेने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले, अंबरलाही नावे ठेवली, मुलीने ते बापाला कळवले, आणि बापाने सुलतान आणि ती बेगम या दोघांना विष घालून मारवले. साल १६१०. गादीवर मुर्तझाचा पाच वर्षांचा मुलगा आला आणि अंबरचा कारभार पहिल्यापेक्षा निर्वेध झाला.

म्हणजे आजीला नर्तकीने खाली पाहायला लावले म्हणून एक लढाई, आणि नातवाच्या घरात गुलामाच्या मुलीला राजघराण्यातलीने हिणवले म्हणून एक खून. पायऱ्या उलट्या झाल्या, घडले तेच. परंड्याच्या किल्ल्यावर एके काळी असलेल्या मुलूखमैदान तोफेचे सगळे तपशील आपल्याकडे आहेत. ती बुऱ्हाणसाठी १५४९मध्ये अहमदनगरला ओतली गेली, ओतणारा रूमी खान, वजन पंचावन्न टनांच्या आसपास, १६३२मध्ये ती विजापूरला नेली. त्या दोघी मात्र ही हकिकत सांगताना ‘इराणी बेगम’ आणि ‘अंबरची मुलगी’ एवढ्याच ओळखीने येतात. तोफेला जेवढी चौकशी मिळाली तेवढी त्यांना मिळाली नाही.

इथे रीतवादी आपला शेवटचा मुद्दा काढतात, आणि तो त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा आहे. ते म्हणतात, या बायका एकट्या नव्हत्या. प्रत्येकीच्या पाठीशी माहेर होते, फौज होती, किल्ले होते. आजच्या एकाकी बाईचे दुःख त्यांच्यावर लादू नका. माहेराची किंमत आमच्या भागात कोणाला सांगायला नको. तुळजापूरला देवीच्या दसऱ्याच्या सीमोल्लंघनासाठी बुऱ्हाणनगरहून माहेरची पालखी यावी लागते. साक्षात भवानीला माहेर आहे, तर राण्यांना का नसावे?

होते. पण त्या माहेराने काय केले ते पाहावे. १६८० साली महाराजांच्या मागे रायगडावर राजारामांना गादीवर बसवले गेले तेव्हा सोयराबाईंचे सख्खे भाऊ, सेनापती हंबीरराव मोहिते, संभाजीराजांच्या बाजूला गेले. सेनापती म्हणून तो निर्णय योग्यच होता असे मीही मानतो. पण माहेर पाठीशी होते, हे मग कोणी म्हणू नये. शाहू महाराज १७४९च्या डिसेंबरात वारले तेव्हा थोरल्या राणी सकवारबाई सती गेल्या. ग्रँट डफ लिहितो की त्यांना त्या वाटेवर आणण्यासाठी पेशव्यांनी त्यांच्या शिर्के भावालाच वश केले आणि त्याला कोकणात जमिनीची लालूच दाखवली. डफच्या लिहिण्यात पेशव्यांविषयी आकस आहे, ते लक्षात ठेवूनही, बहिणीच्या सरणाचा सौदा भावामार्फत होऊ शकतो ही गोष्ट त्या काळच्या साताऱ्याला अशक्य वाटत नव्हती. माहेर हे राण्यांच्या पाठीशी नव्हते. त्या माहेरच्या पुढे उभ्या होत्या, आणि माहेर त्यांच्या आडून आपले साधत होते. अपवाद असतील, प्रेमळ भाऊही असतील. माझा मुद्दा प्रेमाचा नाही. लग्नाचा करार ज्यांनी केला तेच तक्रार ऐकणार, आणि करारातले आपले हित पाहूनच ऐकणार. दुसरी दाद मागायची जागा नव्हती.

म्हणून मला कैवार आणि कणव यांत भेद करावासा वाटतो, आणि या विषयात तो भेद सोडून बाकी सगळे दुय्यम आहे असे मी मानतो. कैवार घ्यायला समोर कोणीतरी लागतो. एकीचा कैवार म्हणजे दुसरीवर चाल. इस्माईलने मरियमचा कैवार घेतला, अंबरने मुलीचा घेतला, पेशव्यांच्या घराने काशीबाईंच्या आणि कुळाच्या मानाचा घेतला आणि मस्तानीला नजरकैदेत टाकले. आज चित्रपट पाहून आपण काशीबाईंच्या किंवा मस्तानीच्या बाजूने भांडतो तेव्हा त्या भावा-बापांच्याच रांगेत जाऊन उभे राहतो. त्यांनी सवतींना समोरासमोर उभे केले होते, आपण तेच करतो. कणवेला असा शत्रू लागत नाही. तिला एकाच वेळी दोघींकडे पाहता येते, आणि दोघींकडे पाहिले की नजर आपोआप ज्याच्यामुळे त्या तिथे आहेत त्याच्याकडे आणि त्याच्या मागच्या करारांकडे जाते. बाजीरावांच्या मागे मस्तानीचा मुलगा शमशेरबहादूर पेशव्यांच्या घरात वाढला, त्याला काशीबाईंनी सांभाळले असे मानले जाते. तसे असेल तर त्यांनी ते मस्तानीच्या विरोधात जाऊन केले नाही आणि तिच्या पक्षात जाऊनही केले नाही. आपले पक्ष काशीबाईंना कधी समजलेच नसते.

रीतवादी या दोन्ही गोष्टींना एकाच टोपलीत टाकतो. कैवाराचा भाबडेपणा दाखवतो आणि त्याबरोबर कणवही फेकून देतो. त्याला वाटते हळहळ म्हणजे आजचा न्याय जुन्या लोकांवर लादणे. न्याय कैवारी करतात. कणवेला निकाल द्यायचा नसतो, तिला फक्त विचारायचे असते की त्या बाईने काय मागितले होते.

अंबरच्या मुलीने काय मागितले होते? फान डेन ब्रूकची हकिकत सांगते की तिने बापाला कळवले. नवऱ्याचा जीव घ्या, असे तिने म्हटल्याचे त्यात नाही. बेगमेला समज द्या, एवढेच तिचे म्हणणे असेल. मला माघारी न्या, असेही असेल. कदाचित नुसते सांगून मोकळे व्हायचे असेल, माहेरी बोलताना मुली होतात तसे. बापाच्या कानात मात्र एकच शब्द शिरला. लहानपणी आफ्रिकेतून विकला गेलेला, मालक बदलत दख्खनपर्यंत आलेला, आणि तिथून एका राज्याचा कारभारी झालेला तो माणूस. त्याच्या मुलीला कोणी गुलामाची म्हटले, ते त्यालाच म्हटले होते. त्याने सूड घेतला तो आपल्या अपमानाचा, आणि गादीवर पोर आल्याने त्याचे राजकारणही साधले. मुलगी विधवा झाली. कैवार इतका पुरता घेतला गेला की तिला मागे काही उरलेच नाही. आणि ती इराणी बेगम, जिचा मुलूख इतका दूर होता की तिच्यासाठी वकिलाला सुनावायला कोणी येणार नव्हते, तिच्या मरणाची हकिकत आपण आजही तिच्या तोंडाळपणाचे फळ म्हणून सांगतो.