शौर्याचा धनी कोण?

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीच्या कवायतीचे आवाज ऐकत वाढलेल्या मला यशवंत घाडगे या नावाशी नेहमी अडखळायला होते. माणगाव तालुक्यातला हा नाईक १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबरच्या खोऱ्यात पडला. वय अवघे बावीस. सोबती सारे मेलेले वा घायाळ; हा एकटाच जर्मन मशीनगनवर धावून गेला. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिचाच सोटा केला. शेवटी लपलेल्या नेमबाजांनी त्याला टिपले. देहही सापडला नाही.

त्याच दिवशी नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. त्यांना डांबणारे सरकार तेच, यशवंतला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देणारेही तेच. मग हे शौर्य कुणाच्या खाती मांडायचे? साम्राज्याच्या? पण समोर हिटलरचे सैन्य होते, हेही विसरता येत नाही.

मला वाटते, खाती दोन ठेवावीत. युद्धाचा जाब धाडणाऱ्याला विचारावा. धैर्य मात्र ज्याचे त्याचेच. एकाची जमा दाखवून दुसऱ्याचे देणे फेडू नये. पदकाने साम्राज्य न्यायी ठरत नाही, आणि साम्राज्य अन्यायी म्हणून त्या पोराची धाव खोटी होत नाही.

२०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावी त्याच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभे राहिले. आपल्या घरांत मात्र त्याचे नाव किती मुलांना ठाऊक आहे?