रतीब आणि आकडा

आमचं गाव नेवासा तालुक्यातलं. अमेरिकन मिशन १८३१ साली नगरला आलं आणि पुढं दुष्काळाच्या वर्षांत या भागातल्या खेड्याखेड्यांत आमचे आजे-पणजे ख्रिस्ती झाले. गावाच्या कडेला आमची पंचवीस-तीस घरं, मध्ये पत्र्याचं देऊळ आणि देवळापुढं एक उंबर. मी शाळेत मास्तर, आणि दर रविवारी देवळात शब्बाथ शाळा घ्यायचो. चौदा ते सोळा वर्षांची नऊ-दहा पोरं-पोरी माझ्याकडं होती.

१९८६ सालची गोष्ट. त्या रविवारी जक्कयाचा धडा होता. यरीहोचा जकातदार, बुटका, येशूला बघायला उंबरावर चढला. पोरांना उंबर समजावून सांगायची गरज नव्हती. मी रंगात येऊन सांगितलं, "नुसतं देवळात गाणी म्हणून भागत नाही. दुसऱ्याचं घेतलेलं परत द्यावं लागतं. रोजच्या जगण्यात शास्त्र दिसलं पाहिजे."

वर्ग सुटला. एक पोरगा मागं थांबला. बाप वारलेला, घरात आई, धाकटी बहीण आणि कर्जावर घेतलेली एक म्हैस. पाच-सहा घरी रतीब घालून घर चालायचं.

"गुरुजी, एक इचारू? आई रतिबाच्या दुधात पानी घालायला लावती. रोज लिटरभर. तुम्हीच शिकवलं, आईबापाचा मान राखा. आन् तुम्हीच शिकवलं, लबाडी करू नका. मंग मी कोनाचं ऐकू?"

मी पाढा म्हणावा तसं उत्तर दिलं. "देवाचं ऐकायचं. त्यात विचारायचं काय?"

तो गेला. मला धडा चांगला झाल्याचं समाधान वाटलं. आमच्या घरीही त्याच म्हशीचं दूध यायचं. त्यात पाणी असतं हे मला त्या दिवशी कळलं. बायकोला ते आधीपासून ठाऊक होतं.

बुधवारी त्याची आई दारात उभी राहिली. आत या म्हटलं तरी आली नाही. "गुरुजी, पोरगं पानी घालू देईना. दूध कमी पडलं, एका घरचा रतीब तोडला. आता पेंड कशी आनू आन् हप्ता कसा भरू? तुमचं काय जातंय सांगायला?"

मी काहीतरी पुटपुटलो, प्रभू सोय करील वगैरे. ती पुढं न ऐकताच निघून गेली.

पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर त्या पोरानं हात वर केला. आवाजात उद्धटपणा नव्हता. "गुरुजी, मी पानी घालनं सोडलं. पन तुमच्या मळ्यातल्या मोटारीला मीटर कुठंय?"

वर्गात कुणी हललं नाही. माझ्या मळ्यात आकडा होता. रात्री तारेवर टाकायचा, पहाटे काढायचा. सगळ्या शिवाराला माहीत होतं. माझ्याजवळ सबबी होत्या. कोटेशन भरून दोन वर्षं झाली होती, जोडणी मिळत नव्हती आणि एकरभर कांदा उभा होता. या सबबी काही खोट्या नव्हत्या. पण पेंड आणि हप्ता ह्या त्या बाईच्या सबबी तरी कुठं खोट्या होत्या? तिच्या सबबीला मी लबाडी म्हणालो होतो आणि माझीला अडचण.

त्या रात्री मी जक्कयाची गोष्ट पुन्हा वाचली. येशूनं त्याला पैशावरून एक शब्द सुनावलेला नाही. तुझ्या घरी उतरणार आहे, एवढंच तो म्हणतो. आधी त्याच्या घरात जातो आणि मग जक्कय आपण होऊन बोलतो, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवून घेतलेलं चौपट परत. मोशेच्या नियमशास्त्रात आपण होऊन कबूल करणाऱ्याला मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा एवढीच भरपाई सांगितली आहे. चौपट दंड मेंढरू चोरून मारणाऱ्याला. जक्कयानं चोराचा दंड स्वतःला लावून घेतला, आणि तो भरला स्वतःच्या पिशवीतून. मी मात्र पोराच्या धर्माची किंमत त्याच्या आईच्या पिशवीतून भरायला लावली. त्या घराची पायरीसुद्धा मी चढलो नव्हतो.

सोमवारी आकडा काढला. मेव्हण्याचं डिझेल इंजिन भाड्यानं आणलं. तेल परवडेना म्हणून अर्धा एकर सोडून दिला. बायको चार दिवस बोलली नाही. बोलली तेव्हा म्हणाली, "शिकवायचं त्या पोरांना, आन् वाळवायचं आपलं रान!"

मग त्या बाईच्या घरी गेलो. चहा घेतला आणि माफी मागितली. ठरलं ते असं: दूध निव्वळ घालायचं आणि लिटरमागं पन्नास पैसे जास्त घ्यायचे. आमच्या घरापासून सुरुवात झाली. एका घरानं रतीब बंद केला, बाकीची राहिली. तिचं नुकसान पुरतं भरून निघालं असं मी म्हणणार नाही. माझ्याशी ती पुढंही जपूनच बोलायची.

पोराला मी चुकीचं सांगितलं का? आजही मला वाटतं, उत्तर बरोबर होतं. चूक होती ती उत्तर त्याच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवण्यात. इफिसकरांच्या पत्रातला सहावा अध्याय आम्ही पोरांकडून पाठ करून घेतो, मुलांनी आईबापांची आज्ञा पाळावी म्हणून. तीनच ओळी पुढं बापांना सांगितलंय की लेकरांना चिडीस आणू नका. ते कुणी पाठ करत नाही. चौदा वर्षांच्या पोराच्या हातात ना घर असतं, ना पैसा. त्याला शास्त्राप्रमाणं वाग म्हणताना, त्याचा भार कुणावर पडणार हे मोठ्या माणसानं आधी बघावं आणि आपला खांदा द्यावा. खांदा द्यायचा नसेल तर निदान आपला आकडा तरी काढावा.

आता पोरं मोबाईलवर बायबल वाचतात. अडचणी त्याच आहेत. दहावीच्या पेपरला खिडकीतून कॉपी देणारा सख्खा मोठा भाऊच असतो. परवा एका पोरीनं मला तेच विचारलं, "आजोबा, मी काय करू?" मी लगेच उत्तर दिलं नाही. म्हटलं, "चल, आधी तुझ्या भावाकडं जाऊ."