एकांत आणि श्रवण

आमच्या एका स्नेह्यांनीं सह्याद्रीच्या एका खोल दरींत लहानशी झोपडी बांधली आहे. नोकरीचीं वर्षें शहराच्या गजबजाटांत गेलीं. उरलेलीं शांतपणें घालवावीं, एवढाच त्यांचा हेतु. भ्रमणध्वनि तेथें पोंचत नाहीं, आणि तेंच त्यांना हवें होतें. परंतु गेल्या हिवाळ्यांत त्यांनीं झोपडीशेजारीं बिनतारी यंत्रासाठीं एरियलची तार ताणली, तेव्हां मित्रमंडळींत वाद माजला. "जग सोडून गेलांत, मग त्याचा आवाज पुन्हां घरांत कशाला?" असा एकाचा सवाल होता. सवाल वरवरचा नाहीं. एकांत पत्करणाऱ्या माणसाला जगाकडे पाठ फिरविण्याचा अधिकार आहे हें खरें. पण कान बंद करण्याचाही आहे काय?

प्रथम त्या तारेची हकीकत सांगितली पाहिजे. स्नेह्यांजवळ हौशी बिनतारीचा रीतसर परवाना आहे. सात मेगाहर्ट्झच्या लहरींसाठीं सुमारें 66 फूट तार लागते. ती त्यांनीं दोन झाडांच्या शेंड्यांवर, 60 फुटांवर चढविली. जितकी उंच तितकी बरी, असा आपणां सर्वांचाच समज असतो. पण इतक्या उंचीवरील तारेचा रोख क्षितिजाकडे असतो, आणि दरींत क्षितिज म्हणजे कातळाची भिंत! थेट डोक्यावरून उतरणाऱ्या लहरींना तर अशी तार जवळजवळ बहिरीच. शेवटीं त्यांनीं तीच तार उतरवून 15 फुटांवर बांधली. आतां लहर सरळ वर जाते, ॲपल्टननें 1924 पासूनच्या प्रयोगांनीं ज्यांचें अस्तित्व सिद्ध केलें त्या विद्युद्भारित थरांवरून परतते, आणि छत्रीसारखी पसरत सभोंवतालच्या शेंकडों मैलांवर उतरते. डोंगर भेदण्याची गरजच उरत नाहीं. पुणें, नाशिक, कोल्हापूर येथील आवाज स्पष्ट ऐकूं येऊं लागले. तार खालीं आली तेव्हां शेजारी ऐकूं आले, ही गोष्ट आम्हांस केवळ यंत्रशास्त्राची वाटत नाहीं.

आक्षेपक म्हणतील कीं, आमच्या परंपरेनें एकांताला मोठें स्थान दिलें आहे. दिलें आहेच. समर्थांनीं शिवथरघळींत दासबोध रचिला असें परंपरा सांगते. पण त्या ग्रंथांत प्रपंच नेटका कसा करावा याचाही विचार आहे. घळींत बसलेल्या त्या पुरुषाचे कान लोकांकडेच लागलेले होते.

खरा भेद कलकलाट आणि हाक यांतील आहे. 14 एप्रिल 1912 च्या रात्रीं हिमखंडांमुळें थांबलेल्या 'कॅलिफोर्नियन' जहाजाचा बिनतारीवाला जवळच्या 'टायटॅनिक'ला बर्फाची सूचना देऊं लागला. 'टायटॅनिक'चा बिनतारीवाला उतारूंच्या खासगी संदेशांत गढलेला. त्यानें त्याला गप्प बसविलें. साडेअकराच्या सुमारास 'कॅलिफोर्नियन'वरील तो एकटा मनुष्य यंत्र बंद करून झोंपीं गेला. 11 वाजून 40 मिनिटांनीं 'टायटॅनिक' हिमखंडावर आदळलें. त्याच्या हाका जवळच्या जहाजाला ऐकूं आल्या नाहींत, आणि सुमारें 1500 माणसें मृत्यु पावलीं. दिवसभर काम करून झोंपलेल्या त्या माणसाला आम्ही दोष देत नाहीं. ऐकण्याचें ओझें एकट्यावर टाकणाऱ्या व्यवस्थेचा तो दोष होता. जग त्यापासून शिकलें. पुढें जहाजांवर अखंड पहाऱ्याचे नियम झाले. आणि 500 किलोहर्ट्झच्या संकटलहरीवर दर तासाला दोन वेळां, तीन तीन मिनिटें, सर्वांनीं मौन पाळून केवळ ऐकावें अशी रीत पडली. ती 1999 पर्यंत चालली. ऐकण्यासाठीं पाळलेलें मौन आणि न ऐकण्यासाठीं पाळलेलें मौन हीं दोन निराळीं आहेत.

हें समुद्रावरचें उदाहरण दरींत कशाला, असें कोणी म्हणेल. 30 जुलै 2014 च्या सकाळीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला; सुमारें 150 माणसें गाडलीं गेलीं. बाहेर वार्ता गेली ती, नेहमींच्या फेरीस आलेल्या एस. टी.च्या चालकाला गांवच दिसेना तेव्हां. तेथें एखादी तार असती तर माणसें वांचलीं असतीं, असें आम्ही म्हणत नाहीं. पण संपूर्ण गांव नाहींसें व्हावें आणि डोंगरापलीकडे त्याची हाकही जाऊं नये, हें मनाला लागल्यावांचून राहत नाहीं.

मग आपण ऐकण्याचें टाळतों कां? ऐकल्यावर कांहींतरी करावें लागतें म्हणून. ऐकूंच आलें नाहीं तर न धांवल्याचा दोषही येत नाहीं. या सोयीला आपण एकांत असें भारदस्त नांव देतों. आम्हीही या मोहांतून सुटलेलों नाहीं.

अष्टौप्रहर कोणीच ऐकूं शकत नाहीं. विजा कडाडूं लागल्या कीं तार यंत्रापासून सोडवावी लागते, आणि मनुष्याला झोंपही हवी. आमचे स्नेही सकाळीं व सायंकाळीं अर्धा अर्धा तास कानाला यंत्र लावून बसतात. बाकीचा दिवस त्यांचा स्वतःचा असतो. तो एक तास म्हणजे त्यांच्या एकांताचें भाडें. तें आम्हांस फार वाटत नाहीं.