मधला उतार आणि लीला

स्कीइंगमध्ये माणूस रोपवेने डोंगरावर जातो आणि पायांना बांधलेल्या दोन पट्ट्यांवरून घसरत पुन्हा निघाल्या जागी येतो. वरून काही आणायचे नसते, खाली काही पोहोचवायचे नसते. हेतू नसलेल्या अशा कर्माला अर्थ असतो का? ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हाच प्रश्न ईश्वराबद्दल उभा केला आहे. जग निर्माण करण्यामागे काही प्रयोजन असेल तर ईश्वर अपुरा ठरतो, आणि नसेल तर त्याने ते करावेच कशाला? सूत्रकारांचे उत्तर आहे लीला. शंकराचार्य भाष्यात दोन दाखले देतात. सगळ्या इच्छा पुरलेला राजा खेळतो तेव्हा त्याला काही मिळवायचे नसते. श्वासही काही साधायचे म्हणून आत-बाहेर होत नाही, तो त्याचा स्वभावच आहे.

आचार्यांनी स्थापन केला असे परंपरा मानते, त्या ज्योतिर्मठाच्या म्हणजे जोशीमठाच्या माथ्यावरच औलीचे स्कीइंगचे बर्फाळ उतार आहेत, सुमारे २,५०० ते ३,००० मीटर उंचीवर.

लीला भरलेपणातून येते, माणूस मात्र बहुधा उणिवेतून खेळतो. कधी कंटाळा घालवायचा असतो, कधी धाडस दाखवायचे असते. उतारांची प्रतवारी इथे नीट पाहावी. आल्प्समध्ये सोपा उतार निळ्या खुणेचा, मध्यम लाल आणि अवघड काळ्या खुणेचा असतो. काळ्या उतारावर जीव मुठीत असतो, तर फार सोप्या उतारावर मन भलतीकडे जाते. सरावलेला माणूस गर्दी नसलेल्या मधल्या उतारावर असला की त्याचे कौशल्य गरजेपेक्षा थोडे जास्त असते. वळताना तो भार बाहेरच्या पायावर टाकतो, पट्टीची कड बर्फात रुतते, बारीक करकर ऐकू येते, पट्टी उताराला आडवी होत जाते तसा वेग ओसरतो, आणि तेवढ्यात भार दुसऱ्या पायावर गेलेला असतो. पतंजलींनी आसनाच्या संदर्भात सांगितलेले प्रयत्नशैथिल्य ते हेच. तिथे प्रयत्न सुटत नाही, त्यातली ओढाताण सुटते. तेवढ्या काही मिनिटांपुरता माणूस खरोखर भरलेला असतो, म्हणून त्याच्या खेळाला लीलेजवळचा म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

जालना जिल्ह्यातल्या हसनाबादला बर्फ नाही, पण हेतूविना केलेल्या कर्माचा प्रश्न तिथेही आहे. हसनाबाद ज्या भोकरदन तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात राजूरच्या टेकडीवर गणपतीचे देवस्थान आहे. गजाननाने वरेण्य राजाला गणेशगीता सांगितली ती इथेच, अशी श्रद्धा आहे. अकरा अध्यायांची ही गीता गणेशपुराणाच्या उत्तरार्धात येते आणि त्या खंडाचे नावच क्रीडाखंड आहे. अंगारकी चतुर्थीला आसपासच्या गावांतून लोक रात्रीचे पायी राजूरला निघतात. सुरुवातीला गप्पा, नामघोष, चहाचे थांबे असतात. पहाटेच्या गारव्यात बोलणे आपोआप थांबते आणि नुसती पावले ऐकू येतात. कुणी नवस फेडायला निघालेला असतो. कुणाचा नवस कधीच फिटलेला असतो, तरी तो अंगारकी चुकवत नाही. दोघांची चाल बाहेरून सारखीच दिसते, पण दुसऱ्याला आता काही मागायचे उरलेले नाही. लीलेचा विचार त्याच्यापाशी पोहोचतो. ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त जगाला भ्रम न म्हणता चैतन्याचा विलास म्हटले आहे. त्या दृष्टीने पाहिले तर थकलेले पाय आणि पायाखालची माती यांना बाजूला सारून वेगळे काही शोधावे लागत नाही.

स्कीइंग आणि राजूरची ही पायवाट यांत एक फरक मात्र राहतो. औलीखालचे जोशीमठ जुन्या दरडीच्या राडारोड्यावर वसले आहे; तिथे जड बांधकामे नकोत, असे सरकारी मिश्रा समितीने १९७६ सालीच बजावले होते. जानेवारी २०२३ मध्ये तिथली घरे तडकली, माणसे बाहेर काढावी लागली, औलीचा रोपवे बंद करावा लागला. दोष एकट्या स्कीइंगचा नाही. पण खेळासाठी रस्ता, हॉटेल, रोपवे लागतो आणि त्यांचा भार कुठल्यातरी डोंगरावर पडतोच. भाष्यातल्या राजाचेही तसेच आहे. त्याच्या खेळामागे प्रजेचे श्रम असतात. श्वासाचा दाखला त्याहून निर्मळ आहे, आणि तो औलीपेक्षा राजूरच्या वाटेला अधिक लागू पडतो.