परिवीक्षेचा काळ

1933 साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमला भागवत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. नकाराचा गुणवत्तेशी संबंध नव्हता. अर्जदार स्त्री होती, एवढेच. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला तो वर्षभराच्या परिवीक्षेवर: संचालकांचे समाधान होईपर्यंत त्यांच्या कामाला मान्यता मिळणार नव्हती. दुर्गाबाईंच्या या धाकट्या बहिणीची, म्हणजे पुढच्या कमला सोहोनींची, ही कथा आपण बहुधा जिद्दीची कथा म्हणून वाचतो. मला मात्र त्यातला परिवीक्षा हा शब्द टोचत राहतो.

याच बंगळुरात आज मेंदूचा व जनुकांचा अभ्यास करणाऱ्या संस्था आहेत, आणि स्त्री म्हणून कोणाला दारातून परत पाठवले जात नाही. तरी नवोदित संशोधकाची परिवीक्षा संपलेली नाही. तिला मिळणारी अभ्यासवृत्ती बहुधा तीन ते पाच वर्षांची असते. समजा, तिने डाऊन सिंड्रोम हा विषय घेतला. एकविसाव्या गुणसूत्राची एक जादा प्रत, एवढेच त्याचे मूळ. पण तिचे परिणाम माणसाला आयुष्यभर सोबत करतात. जिथे उपचार चांगले आहेत तिथे हे आयुष्य आता साठ वर्षांच्या आसपास पोहोचले आहे. चाळिशीपर्यंत बहुतेकांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा दिसू लागतात, कारण त्या रोगाशी संबंधित एक जनुक याच गुणसूत्रावर आहे. हे वार्धक्य समजून घ्यायचे तर माणसांसोबत वीस-पंचवीस वर्षे राहावे लागेल. उलट, गर्भातच निदान करणाऱ्या चाचणीत थोडी सुधारणा पाच वर्षांत दाखवता येते. आता विषय संशोधक निवडते की मुदत?

प्रश्न साधा नाही. निदानाची चाचणी वाईट आहे, असे मी म्हणत नाही; निर्णय आईबापांचा आहे. परंतु जिथे मुदतच दिशा ठरवते, तिथे जन्माला न येण्याविषयीचे ज्ञान जगण्याविषयीच्या ज्ञानाच्या पुढे धावते, आणि हे कोणी ठरवून केलेले नसते. म्हणूनच ते अधिक अस्वस्थ करते.

या विषयाच्या मुळाशीही एक नवोदित संशोधक आहे. पॅरिसमध्ये 1950 च्या दशकात मार्त गोतिए यांनी एका रुग्णालयात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. काचसामानासाठी त्यांनी स्वतः कर्ज काढले, संवर्धनासाठी कोंबडा पाळला, स्वतःचे रक्त वापरले. 1958 मध्ये त्यांना सत्तेचाळिसावे गुणसूत्र दिसले. छायाचित्र काढण्याचे साधन नव्हते. त्यांच्या सांगण्यानुसार काचपट्ट्या सहकारी जेरोम लेजन घेऊन गेले. जानेवारी 1959 मध्ये शोध प्रसिद्ध झाला तेव्हा पहिले नाव लेजन यांचे होते, आणि गोतिएंचे दुसरे, तेही चुकीच्या लेखनासह. 2014 मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नीतिसमितीने त्यांच्या वाट्याची दखल घेतली. तोवर पंचावन्न वर्षे लोटली होती.

यावर कोणी म्हणेल, पैसा जनतेचा आहे, हिशेब नको का? हवाच. गरीब देशाने तर तो अधिक कठोरपणे मागावा. पण हिशेब पद्धतीचा व प्रामाणिकपणाचा मागता येतो. फलाची तारीख आधी लिहून घेता येत नाही. आणि इथे एक विचित्र साम्य दिसते. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलालाही आपण असेच परिवीक्षेवर ठेवतो: किती अक्षरे आली, कोणते काम जमेल, उपयोग काय? किंमत आधी सिद्ध कर, मग जागा देऊ. ज्या तरुणीला स्वतःच अशा अटीवर उभे केले आहे, तिने त्या मुलाकडे बिनअटीने पाहावे, ही आपली अपेक्षा. कोणत्या तोंडाने?

गोतिए पुढे बालहृद्रोगाकडे परतल्या. गुणसूत्रांचे क्षेत्र त्यांनी सोडले. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. तेव्हा ती मुले त्यांच्या तपासणीच्या खोलीत येत राहिली असणारच.